साताऱ्याची ४,२९१ मतं

४ जून २०२४ ला सातारा लोकसभेचा निकाल लागला. उदयनराजे भोसले यांना ५,७१,१३४ मतं पडली, शशिकांत शिंदे यांना ५,३८,३६३. फरक ३२,७७१ मतांचा. पण त्याच निकालपत्रकात खाली आणखी एक आकडा होता आणि पुढं कित्येक महिने जिल्ह्यात बोलणं झालं ते त्याच आकड्यावर. तो आकडा म्हणजे ३७,०६२.

ही मतं पिपाणीची. शिंदे यांच्या, म्हणजे शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. रिंगणातल्या दुसऱ्या एका उमेदवाराला ट्रम्पेट हे चिन्ह मिळालं होतं आणि चिन्हांच्या यादीत त्याचं मराठी नाव 'तुतारी' असंच होतं. लोकांनी त्याला पिपाणी म्हणायला सुरुवात केली. नाव बदलून बोलता आलं, पण मतदान यंत्रावरचा तो बोटभर चौकोन काही बदलला नाही. चष्मा घरी विसरलेल्या म्हातारीला यंत्रासमोर काय दिसलं असेल, हे साताऱ्यातल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. आणि हे एकट्या साताऱ्यात झालं नाही. दिंडोरीत याच चिन्हाला १,०३,६३२ मतं पडली. तिथं भास्कर भगरे तरीही निवडून आले म्हणून त्या आकड्याचा फार गवगवा झाला नाही.

३७,०६२ मधून ३२,७७१ वजा केले की उरतात ४,२९१. शरद पवारांच्या पक्षानं हा आकडा निवडणूक आयोगापुढं मांडला. चौथीतला मुलगाही करील असं हे गणित आहे. पण हेच घेऊन कुणी उच्च न्यायालयात गेलं, तर निवडणूक रद्द करून घ्यायला ते पुरत नाही. का पुरत नाही, हे ज्याला कळलं त्याला देशातल्या बहुतेक निवडणूक याचिका का फेटाळल्या जातात ते कळलं, असं मी मानतो.

त्यासाठी सत्तर वर्षं मागं जावं लागतं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर प्रदेशात गाझीपूरकडच्या एका विधानसभा मतदारसंघात वशिष्ठ नारायण शर्मा १२,८६८ मतं घेऊन निवडून आले. दुसऱ्या क्रमांकाला १०,९९६ मतं होती. फरक १,८७२. रिंगणात असा एक उमेदवार होता की ज्याचा अर्ज मुळात स्वीकारायलाच नको होता, आणि त्याला पडली होती १,९८३ मतं. म्हणजे फरकापेक्षा १११ जास्त. हुबेहूब साताऱ्याचं गणित, फक्त आकडे लहान. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्मांची निवड कायम ठेवली. न्यायालयाचं म्हणणं असं की वाया गेलेली मतं फरकापेक्षा जास्त आहेत एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. तो उमेदवार नसता तर ही मतं कुणाकडं गेली असती, ते याचिकाकर्त्यानं सिद्ध करायचं. अंदाज चालणार नाही.

आता ही कसोटी साताऱ्याला लावून बघा. निकाल उलटायला ३२,७७२ मतं तुतारीकडं वळायला हवीत. पिपाणीची एकूण मतं ३७,०६२. म्हणजे पिपाणीचं बटण दाबणाऱ्या दर १०० मतदारांपैकी ८८ हून जास्त जणांचा हात चुकला होता आणि त्या सगळ्यांना शिंदे यांनाच मत द्यायचं होतं, हे दाखवावं लागेल. गाझीपूरच्या खटल्यात हेच प्रमाण १०० मागं ९४ होतं. पाच-सहा हजार लोकांनी जाणूनबुजून त्या उमेदवाराला मत दिलं असेल, काहींना नाहीतर घरीच बसायचं होतं, काही जण उदयनराजेंचे होते, असं नुसतं मानलं तरी ४,२९१ ची ती बाकी पुसली जाते.

आणि हे सिद्ध करायचं कसं? सरळ मार्ग म्हणजे त्या ३७,०६२ लोकांना विचारणं. पण ते कोण, हेच कुणाला माहीत नाही. मत गुप्त आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या ९४ व्या कलमानुसार कुठल्याही साक्षीदाराला 'तू कुणाला मत दिलंस' हे सांगायला भाग पाडता येत नाही. तरीही समजा, सगळे आपण होऊन साक्षीला आले. प्रत्येकाला फक्त पाच मिनिटं दिली, तरी १,८५,३१० मिनिटं होतात. म्हणजे ३,०८८ तास. न्यायालय दिवसाला पाच तास फक्त हेच ऐकत बसलं तर ६१८ दिवस, आणि वर्षाला कामाचे २१० दिवस धरले तर जवळपास तीन वर्षं. उलटतपासणी वेगळीच. खासदारकीची मुदत पाच वर्षांची आणि याच कायद्याची अपेक्षा अशी की याचिका सहा महिन्यांत निकाली निघावी.

शिवाय ते चिन्ह आयोगानंच रीतसर वाटलेलं होतं. त्यामुळं चुकीच्या मतांच्या आकड्याआधी आणखी एक पायरी चढावी लागते: हे वाटप कुठल्या कलमाच्या, कुठल्या नियमाच्या विरुद्ध होतं? सारखेपणा त्रासदायक होता, हे मलाही पटतं. आयोगालाही काही अंशी पटलं असावं, कारण नोव्हेंबरच्या विधानसभेआधी यंत्रावरचं तुतारीवाल्या माणसाचं चित्र मोठं करायचं ठरलं. पण त्रासदायक आणि बेकायदा यांमध्ये अंतर आहे, आणि न्यायालय दुसऱ्याचीच दखल घेतं.

जगात सगळीकडं कसोटी एवढी कडक नाही. २०१६ साली ऑस्ट्रियात अध्यक्षपदाची निवडणूक ३०,८६३ मतांच्या फरकानं लागली. म्हणजे साताऱ्याच्या आसपासच. टपाली मतांची पाकिटं वेळेआधी आणि नको त्या माणसांनी उघडल्याचं निघालं. अशी मतं होती ७७,९२६. कुणी एक तरी मत बदललं, असा पुरावा मिळाला नाही. तरी तिथल्या घटना न्यायालयानं १ जुलै २०१६ ला दुसऱ्या फेरीची ती निवडणूकच रद्द केली. घोळातली मतं फरकापेक्षा जास्त आहेत, म्हणजे परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, आणि तेवढी शक्यता त्यांना पुरली. डिसेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं आणि आधीचेच विजेते, व्हान डेर बेलेन, पहिल्यापेक्षा कितीतरी मोठ्या फरकानं निवडून आले. आपल्या कायद्यात 'निकालावर परिणाम झाला असता' चालत नाही, 'झाला' हवं.

याचं अलीकडचं आणि सगळ्यात बोचरं उदाहरण मुंबईतलं आहे. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांवर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले: ४,५२,६४४ विरुद्ध ४,५२,५९६. कीर्तिकरांच्या याचिकेत टेंडर्ड मतांचा मुद्दा होता. आपण केंद्रावर गेलो आणि आपल्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलंय असं निघालं, तर आपल्याला यंत्रावर मत देता येत नाही. मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. अशी ३३३ प्रकरणं होती, असं याचिका म्हणत होती. ३३३ आणि ४८. फरकाच्या जवळपास सातपट. तरी डिसेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती संदीप मारणे यांनी याचिका साक्षीपुराव्यापर्यंत न जाताच फेटाळली. निकालावर नेमका परिणाम कसा झाला, हे दाखवणारी ठोस वस्तुस्थिती याचिकेत मांडलेली नव्हती. त्या ३३३ जणांच्या नावावर पडलेली तोतया मतं कुणाच्या खात्यात गेली? सगळी विजेत्याच्या? निम्मी? बहुतेक पराभूताच्याच? हा प्रश्न मला अन्यायाचा वाटत नाही, पण एकट्या उमेदवाराला त्याचं उत्तर मिळवणं किती अवघड आहे, याचीही जाणीव ठेवायला हवी.

सांगलीत हेच गणित उलट्या टोकाला जातं. त्याच निवडणुकीत अपक्ष विशाल पाटील यांना ५,७१,६६६ मतं मिळाली, संजयकाका पाटील यांना ४,७१,६१३. फरक १,००,०५३. तिसऱ्या क्रमांकाच्या चंद्रहार पाटलांची सगळीच्या सगळी ६०,८६० मतं उचलून दुसऱ्याच्या खात्यात टाकली, तरी ३९,१९३ मतं कमीच पडतात. इतक्या फरकावर बोगस मतदानाची, मोजणीतल्या चुकीची, चुकून स्वीकारलेल्या अर्जाची तक्रार कितीही खरी असली तरी ती निवडणूक हलवू शकत नाही.

पण कायद्यात दुसरंही एक दार आहे आणि तिथं फरक कुणी विचारत नाही. विजयी उमेदवारानं, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीनं किंवा त्यांच्या संमतीनं आणखी कुणी भ्रष्ट आचरण केलं, म्हणजे लाच, धाकदपटशा, धर्माच्या नावावर मतं मागणं, सरकारी माणसं कामाला लावणं, तर एक मत इकडचं तिकडं झालेलं दाखवायची गरज नाही. १९७१ ला रायबरेलीत इंदिरा गांधींना १,८३,३०९ मतं होती आणि राजनारायण यांना ७१,४९९. फरक १,११,८१०, सांगलीच्या फरकाहून मोठा. तरी १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं ती निवड रद्द केली, कारण सरकारी सेवकाची मदत घेतल्याचं सिद्ध झालं. आपल्याकडं विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक याच दारातून रद्द झाली. मुद्दा होता धर्माच्या नावावर मतं मागण्याचा.

मग सगळे याच दारानं का जात नाहीत? कारण इथं फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावा द्यावा लागतो. कुणी, कुठं, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाला, कुणाच्या संमतीनं, हे सगळं याचिकेत पहिल्याच दिवशी असावं लागतं, त्यावर वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. 'मतदारसंघात सर्वत्र पैसे वाटले गेले' या वाक्याला न्यायालयात शून्य किंमत आहे. सातारा-सांगलीत कारखान्यापासून सोसायटीपर्यंत कोण कुणाला किती देतं, याच्या गोष्टी पारावर कुणीही रंगवून सांगेल. शपथेवर सांगायला उभा राहणारा मात्र सापडत नाही, कारण त्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात ऊस घालायचा असतो.

हे झालं गुणदोषांवर हरण्याचं. कित्येक याचिका तिथपर्यंत पोचतच नाहीत.

निकालापासून ४५ दिवस. ४६ वा नाही. इतर दाव्यांत उशिराचं कारण पटलं तर न्यायालय माफ करतं, पण निवडणूक याचिकेला ती सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७४ सालीच पक्कं केलं. लोकसभेचा निकाल ४ जून २०२४ चा, म्हणजे शेवटचा दिवस १९ जुलै. विधानसभेचा २३ नोव्हेंबरचा, म्हणजे ७ जानेवारी २०२५. आमदारकीच्या पाच वर्षांत १,८२६ दिवस असतात, त्यातले हे ४५. या दीड महिन्यात हरलेल्या उमेदवारानं शीण काढायचा, कार्यकर्त्यांची समजूत घालायची, देणी भागवायची, बूथवरचे कागद गोळा करायचे, वकील शोधायचा, आणि जत किंवा पाटणहून मुंबई गाठायची. याचिका त्यानं स्वतः हजर राहून दाखल करायची. वकिलाच्या हाती पाठवून चालत नाही, हे २००९ च्या एका निकालानं ठरवून दिलं आहे.

हे कागद कसे असतात, तेही बघण्यासारखं आहे. 'समोरच्याची निवड रद्द करा आणि मला विजयी घोषित करा' असं म्हणायचं असेल, तर रिंगणातल्या प्रत्येकाला प्रतिवादी करावं लागतं. अनामत गेलेल्या अपक्षालाही. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रतीवर 'मूळ याचिकेची खरी प्रत' म्हणून याचिकाकर्त्याची स्वतःची सही. पंधरा प्रतिवादी आणि जोडपत्रांसह दोनशे पानांची याचिका धरली, तर तीन हजार पानांचा गठ्ठा होतो. एक प्रतिवादी राहून गेला तर याचिका बाद. सोबत २,००० रुपये अनामत भरायची, आणि ती भरली नाही म्हणून बाद झालेल्या याचिकाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तशाच परत आल्या आहेत. निवडणुकीत खर्च होणाऱ्या पैशांपुढं २,००० रुपये म्हणजे काहीच नाही, पण कलम ८६ मध्ये शब्द आहे 'फेटाळेल'. 'फेटाळू शकेल' असा नाही. न्यायाधीशाच्या हातात तिथं काही उरत नाही.

हा कडकपणा आजचा नाही आणि अशा याचिकांतून मोठी माणसंही सुटलेली नाहीत. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून निसटते निवडून आले. त्या निवडीवर याचिका झाली. त्या काळी अशा याचिका निवडणूक न्यायाधिकरणापुढं चालत, थेट उच्च न्यायालयात जायला लागल्या त्या १९६६ च्या दुरुस्तीनंतर. तरी हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलंच, आणि यशवंतराव बळवंतराव चव्हाण विरुद्ध के. टी. मंगलमूर्ती हा १९५८ चा निकाल वकील मंडळींच्या पुस्तकांत आजही सापडतो. मंगलमूर्ती हे त्या न्यायाधिकरणाचे सदस्य. यशवंतरावांची आमदारकी टिकली.

इतकी कडक शिस्त कशासाठी? माझ्या मते याचं समर्थन आहे आणि ते भक्कम आहे. साताऱ्यात सुमारे १९ लाख मतदार. त्यांनी एका दिवसात जे ठरवलं, ते एका माणसाच्या अर्जावर, एका न्यायाधीशाच्या सहीनं पुसायचं असतं. जो उमेदवार निवडून आला, त्याच्या डोक्यावर पाच वर्षं कुणीही कधीही दाव्याची तलवार टांगत ठेवली तर तो काम काय करणार? म्हणून न्यायालयं म्हणतात की निवडणुकीला आव्हान देण्याचा हक्क फक्त या कायद्यानं दिलाय, तो कायद्यानं सांगितलेल्या वाटेनंच वापरता येईल. राज्यघटनेचं कलम ३२९ तेच सांगतं: निवडणुकीवर प्रश्न विचारायचा तर निवडणूक याचिकेनंच, एरवी नाही.

ही वाट सोडली की काय होतं, ते २०२५ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. संध्याकाळी पाचला टक्केवारी ५८.२२ होती, अंतिम आकडा आला ६६.०५. मधला फरक ७.८३ टक्के. राज्यात मतदार ९ कोटी ७० लाख, म्हणजे सुमारे ७६ लाख मतं! हा आकडा पहिल्यांदा वाचला की पोटात गोळा येतो. विक्रोळीतल्या एका मतदारानं रिट याचिका केली, बाजू प्रकाश आंबेडकरांनी मांडली. मतदान संपायच्या वेळेनंतर ७६ लाख मतं कशी पडली, त्याचा हिशेब द्या आणि २८८ मतदारसंघांचे निकाल रद्द करा. २५ जून २०२५ ला न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि आरिफ डॉक्टर यांनी ती फेटाळली. अशा याचिकेसाठी न्यायालयाचा पूर्ण दिवस गेला, अशी नाराजीही निकालात नोंदवली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दार बंद केलं.

७६ लाखांचा तो आकडा जरा उलगडून बघू. राज्यात मतदान केंद्रं एक लाखाहून थोडी जास्त होती. म्हणजे केंद्रामागं सरासरी ७६ मतं. दिवसभरात एकूण सुमारे ६ कोटी ४० लाख लोकांनी मत दिलं, म्हणजे केंद्रामागं ६४०. मतदान अकरा तासांचं, म्हणून तासाला सरासरी ५८. पाच वाजल्यानंतर एका केंद्रावर ७६ मतं म्हणजे सव्वा-दीड तासाची रांग. सहाच्या ठोक्याला केंद्राध्यक्ष रांगेत उभ्या असलेल्यांना सहीच्या चिठ्ठ्या देतात आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढं वाटत येतात, म्हणजे मागून कुणी घुसू नये. आमच्याकडं दिवाळीनंतर शेतातली कामं उरकून, सांजेला बायामाणसांसह केंद्रावर जाणारी गावंच्या गावं आहेत. त्यामुळं सरासरीत मला काही अघटित दिसत नाही. सरासरी हा पुरावा नसतो, हे मात्र दोन्ही बाजूंनी खरं. एखाद्या केंद्रावर ७६ ऐवजी ४०० पडली असतील, तर ती सरासरीत लपून जातील. ती शोधायची तर त्याच केंद्राचा कागद हवा.

आता हाच आकडा मतदारसंघावर आणा. ७६ लाखांना २८८ नं भागलं की २६,३८९ येतात. कराड दक्षिणमध्ये पृथ्वीराज चव्हाण ३९,३५५ मतांनी हरले. सरासरीइतकी संध्याकाळची सगळी मतं खोटी मानली, सगळी विजेत्याचीच मानली आणि सगळी वजा केली, तरी निकाल तोच राहतो. उलट इस्लामपूरला जयंत पाटील १३,०२७ मतांनी जिंकले. त्याच तर्कानं त्यांची निवड मात्र संशयात येते. २८८ निकाल एका फटक्यात रद्द करा म्हणताना इस्लामपूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि पलूस-कडेगाव या सांगलीतल्या विरोधकांनी जिंकलेल्या तीन जागाही रद्द होतात, याचा विचार कुणी केला होता का? कायद्याला 'राज्याची निवडणूक' ही गोष्टच माहीत नाही. त्याला २८८ निवडणुका माहीत आहेत, आणि प्रत्येकीसाठी वेगळी याचिका, वेगळा फरक, वेगळे पुरावे.

सातारा जिल्ह्याच्या पलीकडं माळशिरस तालुक्यात मारकडवाडी आहे. तिथल्या लोकांनी यंत्राचा आकडा मानला नाही. यंत्रानं उत्तम जानकरांना ८४३ मतं दाखवली आणि राम सातपुतेंना १,००३. गाव म्हणालं, हे शक्य नाही, आम्ही मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेतो. प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. त्या गावकऱ्यांची तळमळ मला खरी वाटते. पण मतदारसंघात जानकरच १३,१४७ मतांनी निवडून आले होते. १६० मतांचा तो गावातला फरक सगळा उलटा झाला तरी निकाल बदलत नव्हता, त्यामुळं न्यायालयापुढं न्यायला प्रश्नच शिल्लक नव्हता. लोकांच्या मनातली शंका आणि न्यायालयाचा प्रश्न यांची गाठ इथं पडतच नाही. शंकेचं निरसन करायला दुसरी यंत्रणा हवी. दर मतदारसंघात पाच केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. २८८ गुणिले ५ म्हणजे १,४४० आणि त्यांत तफावत निघाली नाही, असं निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. मारकडवाडीला हे पुरेसं वाटलं नाही, कारण त्या १,४४० मध्ये आपलं गाव होतं का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

मतदारयाद्यांचं प्रकरण तर आणखी निराळं. लोकसभा आणि विधानसभा यांच्या मधल्या काळात राज्यात ४८,८१,६२० नावं वाढली आणि ८,००,३९१ वगळली गेली. निव्वळ वाढ ४०,८१,२२९. यावर देशभर रान उठलं. पण यादीतल्या नोंदी बरोबर की चूक, हे निवडणूक याचिकेत तपासता येत नाही. त्याची वेळ आधी असते आणि जागा वेगळी, म्हणजे आधी हरकत, मग जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील. आयोगानं सांगितलेला आकडा असा की ९ कोटी ७७ लाख ९० हजार ७५२ मतदारांच्या यादीवर जिल्हाधिकाऱ्यांकडं अपिलं आली ८९. त्याच्या वर, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं १. अकरा लाख मतदारांमागं एक अपील! याद्यांसाठी सगळ्या पक्षांनी मिळून नेमलेले बूथ प्रतिनिधी होते १,०८,०२६, त्यांत काँग्रेसचे २८,४२१. म्हणजे १०० केंद्रांपैकी सुमारे ७२ केंद्रांवर त्या पक्षाचा यादी बघणारा माणूस नव्हता. नंतर न्यायालयात कितीही मोठा वकील दिला तरी ही जागा भरून येत नाही.

अमेरिकेतही २०२० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर हेच झालं. ट्रम्प यांच्या बाजूनं साठाहून अधिक दावे पडले, कुठं दावा करण्याचा हक्कच नाही म्हणून, कुठं पुरावा नाही म्हणून. जॉर्जियात सुमारे ५० लाख मतपत्रिका आधी हातानं आणि मग पुन्हा यंत्रानं मोजल्या तेव्हा कुठं ११,७७९ चा फरक पक्का झाला. तिथं मोजायला कागद तरी होता.

एवढं सगळं न्यायालयांच्या बाजूनं लिहिल्यावर माझी तक्रार सांगतो आणि ती गंभीर आहे. याच कायद्याच्या ८६ व्या कलमात दोन मुदतींचा संबंध येतो. याचिकाकर्त्याला ४५ दिवस. आणि न्यायालयानं शक्यतो रोजच्या रोज सुनावणी घेऊन सहा महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा. पहिली मुदत एक दिवस चुकली की याचिका मेली. दुसरी सहा-सात वर्षं चुकली तरी कुणाचं काही होत नाही. कीर्तिकरांची याचिका मतमोजणीनंतर साडेसहा महिन्यांच्या आसपास निकाली निघाली, कारण ती उंबरठ्यावरच अडली. जी याचिका आत जाते, पुराव्याला उभी राहते, तिची गत बघा. रायबरेलीला चार वर्षं लागली. विलेपार्ल्याचं मतदान डिसेंबर १९८७ चं, उच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल १९८९ चा, सर्वोच्च न्यायालयाचा ११ डिसेंबर १९९५ चा. ज्या विधानसभेसाठी ती निवडणूक झाली, ती १९९० ला संपली. तिच्यानंतरचीही १९९५ च्या मार्चमध्ये संपली. वाईट याचिका लवकर संपते आणि चांगली याचिका मुदतीनंतर जिंकते, अशी ही रचना झाली आहे. याचिकाकर्त्याला ४६ वा दिवस माफ नसेल, तर न्यायालयालाही सातवा महिना माफ असू नये. त्यासाठी निवडणुकीनंतरच्या वर्षात या याचिकांपुरते वेगळे न्यायाधीश ठेवावेत.

आणि दुसरं, कागद. मतदान संपल्यावर प्रत्येक केंद्राध्यक्ष फॉर्म १७ सी भरतो. या केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली, ते त्यात असतं, आणि हजर असलेल्या पोलिंग एजंटला त्याची सही केलेली प्रत मिळते. हे सगळे फॉर्म त्याच रात्री संकेतस्थळावर टाकले असते, तर ७६ लाखांचा प्रश्न एका आठवड्यात केंद्रनिहाय सुटला असता, जिथं खोट असती ती जागा दिसली असती आणि जिथं नव्हती तिथली कुजबुज थांबली असती. यंत्रातला तपशीलही याचिकेच्या मुदतीपुरता, ४५ दिवसच राखून ठेवतात. तो निदान वर्षभर राहू द्यावा. साताऱ्याच्या जिल्हा बँकेत नोव्हेंबर २०२१ मध्ये शशिकांत शिंदे २५ विरुद्ध २४ अशा एका मतानं हरले, तेव्हा ४९ मतं टेबलावर मांडून सगळ्यांना दिसत होती. लोकसभेची ११-१२ लाख मतं तशी मांडता येत नाहीत. पण प्रत्येक केंद्राचा एक कागद मांडता येतो, आणि तो आजही त्या रात्रीच तयार होतो.